ज्यांची उदाहरणं दिली, तेही वाचतात : पीटर सिंगर यांची पन्नास वर्षं

नोव्हेंबर १९७१. पूर्व बंगालमधल्या लष्करी अत्याचारांतून जीव वाचवून निघालेले सुमारे ९० लाख लोक तोवर सीमा ओलांडून भारतात आले होते. कोलकात्याच्या कडेला सॉल्ट लेकमध्ये कितीतरी कुटुंबं सांडपाण्यासाठी आणलेल्या मोठ्या सिमेंटच्या पाइपांत राहत होती. छावण्यांमध्ये कॉलऱ्याने माणसं गेली होती. त्याच महिन्यात ऑक्सफर्डला पीटर सिंगर नावाचा २५ वर्षांचा ऑस्ट्रेलियन अध्यापक एक निबंध लिहीत होता. पहिल्याच ओळीत त्याने सांगून टाकलं : मी हे लिहितोय तेव्हा पूर्व बंगालमध्ये माणसं अन्न, निवारा आणि औषधांवाचून मरत आहेत.

तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात तेव्हा कोणी अशी सुरुवात करत नसे. पुढे तर त्याने हिशेबच मांडला होता. ब्रिटनने निर्वासितांसाठी दिले १ कोटी ४७ लाख ५० हजार पौंड, आणि कॉंकॉर्ड विमानाच्या प्रकल्पातला ब्रिटनचा परत न मिळणारा खर्च २७ कोटी ५० लाख पौंडांच्या वर गेलेला. ऑस्ट्रेलियाची मदत सिडनीत उभ्या राहणाऱ्या ऑपेरा हाऊसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी. सगळ्या जगाकडून मिळून आले सुमारे साडेसहा कोटी पौंड. निर्वासितांना एक वर्ष जगवायला लागणार होते ४६ कोटी ४० लाख. उरलेला भार भारताच्या डोक्यावर होता, आणि तो उचलायचा तर स्वतःच्या विकासाचा पैसा वळवायचा, म्हणजे पुढे आपलीच माणसं उपाशी ठेवायची. निबंधात हा पेचही स्पष्ट लिहिलेला आहे.

‘फॅमिन, अ‍ॅफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’ हा निबंध १९७२ साली छापून आला तोवर युद्ध संपून बांगलादेश झाला होता आणि निर्वासित परतू लागले होते. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. पण जगभरच्या नीतिशास्त्राच्या वर्गांत आजही तो शिकवला जातो. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाची एक मोठी कारकीर्द त्यातून सुरू झाली. तत्त्वज्ञान चार भिंतींबाहेर आणलं की काय काय घडतं, हे मला या एका माणसाच्या पन्नास वर्षांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. त्यात मोठं यश आहे. आणि एक जखम आहे, जी आजही भरलेली नाही.

मेलबर्न, व्हिएन्ना, ऑक्सफर्ड

सिंगर यांचा जन्म ६ जुलै १९४६ चा, मेलबर्नचा. आईवडील व्हिएन्नातले ज्यू. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर ते ऑस्ट्रेलियात आले. मागे राहिलेल्या चार आजीआजोबांपैकी तिघे नाझींच्या राजवटीत मेले. आईचे वडील डेव्हिड ओपेनहाइम हे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक होते, काही काळ फ्रॉइड आणि नंतर अ‍ॅडलर या मानसशास्त्रज्ञांच्या वर्तुळात वावरलेले. ते नाझींच्या थेरेझिनश्टाट छावणीत वारले. आजी तेवढी वाचली आणि १९४६ मध्ये मेलबर्नला येऊन पोचली. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे याच माणसाला जर्मनीत नाझी म्हणून हिणवलं गेलं.

मेलबर्न विद्यापीठात त्यांनी एम.ए.साठी प्रश्न घेतला होता : मी नैतिक का असावं? १९६९ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तिथलं वातावरण असं की नीतिशास्त्र म्हणजे ‘चांगलं’, ‘योग्य’, ‘कर्तव्य’ अशा शब्दांचा वापर तपासायचा. माणसाने प्रत्यक्ष काय करावं हे सांगणं तत्त्वज्ञाचं काम नाही, ते धर्मोपदेशकाने किंवा राजकारण्याने करावं, अशी समजूत. सिंगर यांचे मार्गदर्शक आर. एम. हेअर मात्र एका गोष्टीचा आग्रह धरत. नैतिक विधान करायचं तर त्याचा परिणाम ज्याच्यावर होणार त्या प्रत्येकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. शिष्याने हे गुरूपेक्षाही जास्त शब्दशः घेतलं. बाहेर व्हिएतनामच्या विरोधात मोर्चे निघत होते, आणि नुसत्या शब्दांच्या चिरफाडीवर तरुणांचं समाधान होत नव्हतं.

१९७० साली रिचर्ड केशन या कॅनडाच्या विद्यार्थ्याबरोबर ते जेवायला गेले. वाढलेल्या स्पॅगेटीवरच्या सॉसमध्ये मांस आहे का, असं केशनने विचारलं, आणि आहे म्हटल्यावर सॅलडवर भागवलं. का, म्हणून सिंगरनी विचारलं. उत्तरात देवाधर्माचं किंवा प्रकृतीचं काही नव्हतं. प्राण्यांना ज्या रीतीने वागवलं जातं ते आपल्याला योग्य वाटत नाही, एवढंच केशन म्हणाला. सिंगर यांच्याकडे त्याला प्रत्युत्तर नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रेनाटा यांनी थोड्याच काळात मांस सोडलं. त्याच सुमारास मिळकतीचा दहावा हिस्सा ऑक्सफॅम या मदतसंस्थेला द्यायलाही सुरुवात केली. युक्तिवाद पटला की आचरण बदलायचं, ही शिस्त त्यांनी आधी स्वतःला लावली, म्हणून पुढे त्यांच्या लिखाणाला वजन आलं.

तळं

१९७१ च्या निबंधातलं उदाहरण आता जगप्रसिद्ध आहे. रस्त्याने जाताना उथळ तळ्यात एक लहान मूल बुडताना दिसतं. पाण्यात उतरलो तर कपडे चिखलाने भरतील. तरी आपण उतरू, आणि न उतरणाऱ्याला माणूस म्हणणार नाही. मग सिंगर विचारतात : मूल दहा यार्डांवर आहे की दहा हजार मैलांवर, याने काय फरक पडतो? शेजाऱ्याचं पोर आणि ज्याचं नावही मला कधी कळणार नाही असा बंगाली माणूस, यांत नैतिक फरक कोणता? एखादी वाईट गोष्ट टाळणं हातात असेल आणि त्यासाठी तितक्याच मोलाचं काही गमवावं लागत नसेल, तर ती टाळणं हे कर्तव्य आहे. ज्याला आपण दानधर्म म्हणतो आणि ज्यासाठी दात्याची पाठ थोपटतो, ते न करणं हा अपराध आहे.

तळ्याचं उदाहरण समजायला कसलंही पूर्वज्ञान लागत नाही, ते वाचणाऱ्याला तत्काळ होकार द्यायला लावतं, आणि होकार दिला की सुटका नाही. मागे फिरायचं तर आपलाच शब्द मोडावा लागतो. सिंगर यांची सगळी लोकप्रियता या लेखनरीतीवर उभी आहे : छोटी वाक्यं, प्रत्येक पायरी उघड, आणि शेवटची पायरी वाचकाच्या खिशात किंवा ताटात. बाकीचे जनप्रिय विचारवंत वाचकाला शहाणं झाल्यासारखं वाटायला लावतात. सिंगर वाचकाकडून काहीतरी मागतात, आणि ती मागणी वाचक ओळखतो.

पण या चित्रात कोण आहे आणि कोण नाही, हे बघा. काठावर एक माणूस, पाण्यात एक मूल. मूल बोलत नाही. ते तळ्यात कसं पडलं, तळ्याला कुंपण का नव्हतं, गावातले बाकी लोक कुठे गेले, यातलं काहीच चित्रात नाही. सॉल्ट लेकच्या पाइपात राहणारा माणूस हा निबंध वाचेल अशी लेखकाची अपेक्षा नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं. तो त्या लेखाचा विषय होता. वाचक ऑक्सफर्ड, लंडन, न्यूयॉर्कमध्ये होता.

नेमक्या त्याच वर्षांत महाराष्ट्र एका वेगळ्या उत्तराकडे गेला. १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि तलाव खणायला उभी होती, आणि त्यातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना पक्की झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क. पैसा कुठून आला? १९७५ च्या कायद्याने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि तो या योजनेसाठीच होता. पगारपत्रकावर दरमहा कापला जाणारा तो छोटा आकडा म्हणजे शहरातल्या काठावरच्या माणसाने दुष्काळी गावासाठी द्यायचा वाटा. त्यात दात्याच्या मनाची परीक्षा नव्हती. घेणारा काम मागायला स्वतः येत होता, न मिळाल्यास भत्ता मागू शकत होता. सरकारांनी जास्त द्यायला हवं हे सिंगर यांनाही मान्यच होतं, तसं त्यांनी त्या निबंधात लिहिलंही आहे. त्यांचा मुद्दा एवढाच की सरकार करत नाही म्हणून तुमचं कर्तव्य संपत नाही. मुद्दा बरोबर आहे. पण मदत मिळणारा माणूस त्यांच्या चित्रात कधी उभा राहून बोलत नाही, आणि आपल्याकडच्या कायद्याने त्याला बोलायची जागा दिली होती. या फरकाने मला हे प्रकरण वाचायची दिशा दिली.

मांसाच्या ताटापासून न्यायालयापर्यंत

५ एप्रिल १९७३ च्या ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये त्यांचा ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ हा लेख आला, १९७५ मध्ये त्याच नावाचं पुस्तक. दरम्यान ते न्यूयॉर्क विद्यापीठात वर्षभर शिकवायला गेले होते. पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक चहापानाचा प्रसंग आहे. यजमानीण बाई प्राण्यांवरच्या प्रेमाविषयी भरभरून बोलतात आणि पुढ्यात हॅम सँडविच ठेवतात. सिंगर सांगतात, आम्हाला प्राण्यांचं काही विशेष वेड नाही, घरात कुत्रं-मांजर नाही. विषय प्रेमाचा नाहीच. वेदना होऊ शकते का, हा बेंथम या जुन्या इंग्लिश तत्त्वज्ञाने विचारलेला प्रश्न. होत असेल, तर ती वेदना कोणाच्या कातडीखाली आहे यावरून तिचं मोल कमी करता येत नाही. वंशावरून किंवा लिंगावरून भेद करणं जसं चूक, तसं प्रजातीवरून. ‘स्पीशीजिझम’ हा शब्द रिचर्ड रायडर यांनी घडवला होता, तो जगभर नेला या पुस्तकाने.

पुस्तकातली मधली दोन प्रकरणं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि त्यांत तत्त्वज्ञान जवळपास नाहीच. एक प्रयोगशाळांवर, दुसरं कोंबड्या, डुकरं, वासरं यांच्या कारखानी पैदाशीवर. यातली माहिती त्यांनी प्राणिमित्र संघटनांच्या पत्रकांतून घेतली नाही. शास्त्रज्ञांचे स्वतःचे प्रसिद्ध झालेले शोधनिबंध आणि कुक्कुटपालन धंद्याची स्वतःची व्यापारी मासिकं, यांतून ती उचलली. किती पक्षी एका पिंजऱ्यात, चोच का छाटायची, किती व्होल्टचा झटका, सगळं करणाऱ्यांच्याच शब्दांत. आरोप करायला लेखकाने आवाज चढवावाच लागला नाही. शेवटी पहिल्या आवृत्तीत शाकाहारी पाककृतीही होत्या, कारण पटलेल्या वाचकाला संध्याकाळी स्वयंपाक करायचा होता. आपल्याकडचा शाकाहारी वाचक हे पुस्तक निर्धास्तपणे उघडेल, पण अंड्यांच्या आणि दुधाच्या धंद्याचं वर्णन वाचताना त्यालाही थांबावं लागेल.

१९७४ मध्ये न्यूयॉर्कला सिंगर यांनी प्रौढांसाठी एक संध्याकाळचा वर्ग घेतला. त्यात हेन्री स्पिरा नावाचा एक शाळामास्तर येऊन बसला, पूर्वी व्यापारी जहाजावर खलाशी असलेला, कामगार आणि नागरी हक्कांच्या लढ्यांत मुरलेला. वर्ग संपला तेव्हा त्याने बाकीच्यांना विचारलं, आता करायचं काय? १९७६-७७ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात मांजरांवर चाललेले प्रयोग त्यांनी बंद पाडले. १९८० मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीविरुद्ध ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली, सशांच्या डोळ्यांत रसायनं घालून होणाऱ्या चाचणीबद्दल. कंपनीने पर्याय शोधण्यासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. भारताने सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी २०१४ मध्ये बंद केली, ती या लांब साखळीतली एक कडी. सिंगर यांनी १९९८ मध्ये स्पिरावर पुस्तक लिहिलं. तत्त्वज्ञाने आपल्या विद्यार्थ्याचं चरित्र लिहावं, हे मला फार आवडतं. वाचकाने काय केलं हे बघायला लेखक परत गेला.

त्याच २०१४ च्या ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतली जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातली बैलगाडा शर्यत बंद केली. त्या निकालपत्रात प्रजातीवरून होणाऱ्या भेदभावाच्या कल्पनेची स्वतंत्र चर्चा आहे. ऑक्सफर्डच्या जेवणाच्या टेबलावरची शंका चाळीस वर्षांनी चाकण-मंचरच्या घाटात येऊन उभी राहिली. शर्यतीचा बैल काही निकाल वाचणार नव्हता. पण बैलाचा मालक वाचणार होता, आणि तो गप्प बसला नाही. आम्ही बैलाला घरच्या माणसासारखं जपतो, शर्यत गेली तर खिल्लार जात टिकवायची कशाला, असे त्याचे प्रश्न होते. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या मान्य केल्या. शर्यतीत बैलाला होणारा त्रास खरा आहे आणि मला तो समर्थनीय वाटत नाही. तरीही शेतकऱ्याला वगळून मांडलेला युक्तिवाद शेतकऱ्यासमोर टिकत नाही, हेही तितकंच खरं.

मारबुर्ग, झुरिक, प्रिन्स्टन

१९७७ पासून सिंगर मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात होते. १९७९ च्या ‘प्रॅक्टिकल एथिक्स’मध्ये आणि १९८५ मध्ये हेल्गा कुझे यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी तोच तर्क एका भयंकर जागी नेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मारणं चूक का, तर मारल्या जाणाऱ्याला स्वतःचं भान असतं, पुढच्या आयुष्याच्या इच्छा असतात. नवजात अर्भकाला हे भान नसतं, मग ते अपंग असो वा नसो. म्हणून गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत, डॉक्टरांशी बोलून, त्याचं आयुष्य संपवण्याचा निर्णय आईवडिलांना घेता यावा. जन्मानंतर २८ दिवसांची मर्यादाही त्यांनी सुचवली होती, ती पुढे मागे घेतली. रुग्णालयांत अशा बाळांवर उपचार न करून त्यांना हळूहळू मरू दिलं जातंच, मग उघडपणे आणि यातना न देता का नाही, असा त्यांचा सवाल होता.

१९८९ मध्ये मतिमंद मुलांच्या पालकांच्या ‘लेबेन्सहिल्फे’ या संघटनेने त्यांना जर्मनीतल्या मारबुर्ग शहरात परिसंवादाला बोलावलं. अपंगांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. याच देशात नाझींनी अपंग मुलांना आणि प्रौढांना ‘दयामरणा’च्या नावाखाली पद्धतशीर मारलं होतं, आणि तिथे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसासाठी हा चर्चेचा विषय नव्हता. निमंत्रण मागे घेतलं गेलं, पुढे परिसंवादच रद्द झाला. १९९१ मध्ये झुरिकला सभागृहात गोंधळ झाला, एकाने व्यासपीठावर येऊन सिंगर यांचा चष्मा ओढून जमिनीवर फोडला. आपल्याला गप्प केलं जातंय, असा लेख त्यांनी त्या वर्षी लिहिला. राज्यसत्तेने वांशिक शुद्धतेसाठी केलेल्या हत्या आणि पालकांना दिलेला निर्णयाचा अधिकार यांत फरक आहे, हे त्यांचं म्हणणं तर्काने खरं आहे. चष्मा फोडणं कोणत्याही बाजूने समर्थनीय नाही. पण मला वाटतं, तिथे काय घडतंय हे सिंगर यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना दिसला भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न. प्रत्यक्षात त्यांच्या उदाहरणातलं मूल मोठं होऊन सभागृहात आलं होतं.

१९९९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांना जैवनीतिशास्त्राचं अध्यासन दिलं तेव्हा ‘नॉट डेड येट’ या अपंगांच्या संघटनेचे कार्यकर्ते चाकाच्या खुर्च्या घेऊन दारात बसले. विश्वस्त स्टीव्ह फोर्ब्स यांनी देणगी थांबवली. विद्यापीठ बधलं नाही.

मग आल्या हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या वकील, जन्मापासून स्नायूंच्या आजाराने अपंग, पाठीचा कणा वाकलेला, विजेवरच्या खुर्चीतून वावरणाऱ्या. सिंगर त्यांच्या गावी भाषणाला आले असताना जॉन्सन यांनी उठवलेल्या प्रश्नांवरून पत्रव्यवहार सुरू झाला, आणि सिंगरनी त्यांना प्रिन्स्टनला वादासाठी बोलावलं. २००२ मध्ये त्या गेल्या, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये त्यांनी त्यावर दीर्घ लेख लिहिला. लेखाची सुरुवातच अशी की, हा गृहस्थ म्हणतो मला तुम्हाला मारायचं नाही, फक्त तुम्ही जे बाळ होता त्याला मारण्याची मुभा तुमच्या आईवडिलांना असती तर बरं झालं असतं.

जॉन्सन यांच्या युक्तिवादाचा कणा साधा होता. अपंगत्व आहे की नाही, यावरून आयुष्य किती सुखाचं हे ठरत नाही. बाहेरच्याला जी नुसती कमतरता दिसते, तिच्या आत एक भरलेलं आयुष्य असतं, आणि ते कसं असतं हे तिथून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे हेअर यांचीच अट, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपण ती अट पाळली असं सिंगर यांना वाटत होतं. जॉन्सन दाखवून देत होत्या की त्यांनी स्वतःची कल्पना तिथे ठेवली, दुसऱ्याची जागा नाही.

त्या लेखातला एक प्रसंग मी अनेकांना वाचून दाखवला आहे. रात्रीच्या जेवणाला जॉन्सन यांचा कोपर खुर्चीच्या हातावरून निसटला. स्वतः तो हलवणं शक्य नव्हतं. उजव्या बाजूला जो असेल त्याला त्या नेहमी सांगत, आणि आज उजवीकडे होते सिंगर. मनगट धरून न उचलता एक इंच पुढे ओढा, असं त्यांनी हळूच सांगितलं, आणि सिंगर यांनी तंतोतंत तसं केलं. या सौजन्याबद्दल जॉन्सन यांना त्यांच्याच चळवळीतून बोलणी खावी लागली. ज्याने तुमच्या जिवाचा भाव ठरवला त्याच्याशी हस्तांदोलन कसलं करता? त्यांनी तो प्रश्नही झटकला नाही, लेखात ठेवला. सिंगर यांना त्या राक्षस मानत नव्हत्या, आणि त्यांच्या विचाराला माफही करत नव्हत्या. एवढा ताण पेलून लिहिलेलं गद्य मी फार थोडं वाचलं आहे. जॉन्सन २००८ मध्ये गेल्या, तेव्हा सिंगर यांनी त्याच नियतकालिकात त्यांच्यावर लिहिलं. आदर खरा होता. मूळ भूमिका मात्र बदलली नव्हती.

याच काळात सिंगर यांच्या आईला अल्झायमर झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या. पूर्ण भान हरपलेल्या आईच्या शुश्रूषेवर सिंगर आणि त्यांची बहीण मोठा खर्च करत होते. तोच पैसा दूरच्या कितीतरी मुलांना वाचवू शकला असता, असं त्यांचंच तत्त्व सांगत होतं. १९९९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’च्या पत्रकाराने विचारल्यावर ते म्हणाले की मला आधी वाटलं त्यापेक्षा हे अवघड आहे, कारण आपली आई असली की गोष्ट वेगळी होते. टीकाकारांनी दांभिकपणा म्हणून हे वाक्य उचललं. मला ते दांभिक वाटत नाही. २००३ मध्ये त्यांनी आजोबांवर पुस्तक लिहिलं, पत्रं आणि कागदपत्रं शोधून. त्यात छावणीत गेलेल्या एका माणसाला नाव, हस्ताक्षर, आवडीनिवडी, संसार, सगळं परत मिळालं. सुख-दुःखाच्या बेरजेत न मावणारं काहीतरी हा लेखक ओळखून होता. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत मात्र ते फारसं उतरलं नाही.

दानाचा हिशेब

२००६ च्या डिसेंबरमध्ये अब्जाधीशांनी किती द्यावं यावर त्यांचा लेख आला, २००९ मध्ये ‘द लाइफ यू कॅन सेव्ह’ हे पुस्तक. तळ्याचं उदाहरण आता तक्त्यासह आलं : कोणत्या मिळकतीला किती टक्के, कोणती संस्था एका जिवामागे किती कमी खर्चात काम करते. त्याच नावाची संस्था उभी राहिली. २०१९ मध्ये पुस्तकाचे हक्क परत मिळवून ते इंटरनेटवर फुकट दिलं गेलं. २०२१ मध्ये मिळालेल्या दहा लाख डॉलरच्या बर्गरुएन पारितोषिकाची रक्कमही त्यांनी वाटून टाकली. वाचकाला जे सांगितलं ते स्वतः करून दाखवण्यात पन्नास वर्षं खंड नाही, हे मान्य केल्याशिवाय टीका करू नये.

ऑक्सफर्डच्या तरुणांनी याच तर्कावर ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’ची, म्हणजे दिलेल्या पैशातून जास्तीत जास्त भलं कसं होईल हे मोजून दान करण्याची, चळवळ उभारली. तिच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक सॅम बँकमन-फ्राइड, त्याची आभासी चलनाच्या व्यवहारांची कंपनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळली आणि फसवणुकीसाठी त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. त्याचं पाप सिंगर यांच्या माथी मारणं अन्याय आहे. त्यापेक्षा अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचा २०१५ मधला आक्षेप मला जास्त खोल वाटतो. बाहेरून आलेला पैसा गरीब देशातल्या सरकारला आपल्याच नागरिकांपुढे जबाब देण्यापासून मोकळं करतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पुन्हा तेच. काठावरचा माणूस कितीही भला असला, तरी पाण्यातल्याचा हक्क कोणावर आहे हे त्याने ठरवायचं नसतं.

२०२३ मध्ये ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ जवळपास नव्याने लिहून आलं. २०२४ मध्ये सिंगर प्रिन्स्टनमधून निवृत्त झाले. त्याआधी, २०२१ मध्ये, जेफ मॅकमहान आणि फ्रान्चेस्का मिनेर्व्हा यांच्याबरोबर त्यांनी ‘जर्नल ऑफ कॉन्ट्रोव्हर्शियल आयडियाज’ सुरू केलं. वादग्रस्त विचार मांडणाऱ्याला तिथे टोपणनावाने लिहिता येतं, म्हणजे त्याच्यावर हल्ला होणार नाही, नोकरी जाणार नाही. झुरिकच्या अनुभवानंतर ही गरज समजण्यासारखी आहे. तरी मला हा निर्णय पटत नाही. सिंगर यांनी स्वतः सगळं आपल्या नावाने लिहिलं. म्हणूनच चार्ल्सटनच्या वकीलबाई त्यांना गाठू शकल्या, पत्र लिहू शकल्या, प्रिन्स्टनला येऊन समोर बसू शकल्या. टोपणनावाच्या लेखात ज्याच्या जिवाचा विषय असेल, त्याने उत्तर द्यायला कोणाकडे जायचं?